अण्णांचा रेकॉर्ड प्लेअर: दुरुस्त करू, वाढवू, की बदलू?

पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून त्यांचा रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे आहे. त्याचं वय चाळिशीच्या आसपास असेल. बेल्टवर फिरतो. ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग आहेत. बाजू संपली की सुई धरणारा आर्म आपोआप उचलला जाऊन जागेवर परत जायचा. गेलं वर्षभर तो जात नाही, मलाच उठून उचलावा लागतो. प्रत्येक बाजूची शेवटची एक-दोन गाणी घोगरी लागतात, ‘स’ आणि ‘श’ फाटतात. लांबवलेला सूर कधीकधी डुलतो. आणि सगळ्याच्या मागे एक बारीक ‘घूं’ असते.

आमच्या ओळखीतले एक काका फार वर्षांपासून रेकॉर्ड ऐकतात. ते म्हणतात, यंत्र उत्तम आहे, एक भारी कार्ट्रिज (सुई बसते ती छोटी डबी) लाव आणि फरक बघ. भाऊ म्हणतो, एवढ्या जुन्या यंत्रावर खर्च कशाला, नवा घे, हल्ली ब्लूटूथवालेही मिळतात. मी थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत, पण त्यात दोन्ही होणार नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला अण्णांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे. सुई कधी बदलली त्याच्या तारखा आहेत. शेवटची तारीख नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हापासून घरात जवळजवळ रोज एखादी तबकडी वाजत आली आहे, आधी ते लावायचे, आता मी. त्यांच्या जवळपास दोनशे तबकड्या आहेत, त्यात काही जुन्या ७८च्याही. काय करू?

उत्तर

नमस्कार.

प्लेअरचा निर्णय नंतर करू. आधी एक कळकळीची विनंती: नवी सुई बसेपर्यंत अण्णांची एकही तबकडी त्यावर लावू नका. पुढे मी काही चाचण्या सांगणार आहे. त्यांच्यासाठी, खराब झाली तरी जिवाला लागणार नाही अशी एखादी तबकडी बाजूला काढा. बाकी सगळ्या पाकिटात राहू द्या.

असं का म्हणतो, ते त्या चिठ्ठीवरून हिशोब केलात की कळेल. एलपीच्या, म्हणजे ३३च्या वेगाच्या मोठ्या तबकडीच्या, दोन्ही बाजू मिळून चाळीसेक मिनिटं होतात. रोज एक धरली तरी वर्षाला अडीचशेच्या आसपास तास, आणि नऊ वर्षांत दोन हजारांच्या वर. साध्या गोल किंवा लंबगोल टोकाच्या सुईचं आयुष्य ५०० ते १,००० तास धरतात. म्हणजे तुमच्या सुईनं तिच्या वाट्याचं काम केव्हाच संपवलं आहे.

सुईचं टोक हिऱ्याचं असतं आणि तबकडी मऊ प्लास्टिकची, मग झिजायचं काय, असं वाटू शकतं. पण खाचेतली धूळ कुरुंदासारखी काम करते. टोकाच्या दोन्ही अंगांना हळूहळू सपाट पैलू पडतात आणि पैलूंच्या कडांना धार येते. धार आली की सुई खाचेत वाहत नाही, ती खाच खरवडते. खाचेच्या भिंतीवरचे सगळ्यांत बारीक नागमोडी आकार आधी जातात, म्हणजे ‘स’, ‘श’, झांजेची किणकिण, तारेवरचा आघात. आणि जे गेलं ते नव्या सुईनं परत येत नाही.

हे मी भोगलेलं आहे. माझ्याकडची एक सुई अशीच जुनी झाली होती. वाजतंय ना, मग पुढच्या महिन्यात बघू, असं करत मी दीड वर्ष काढलं. नवी सुई बसवली, आणि माझ्या सगळ्यांत आवडत्या गायनाच्या तबकडीवर तीच खरखर तशीच राहिली. ती खरखर आता त्या खाचेचाच भाग झाली आहे. त्या तबकडीची दुसरी प्रत मला आजवर मिळालेली नाही. तुमच्याकडे अशा दोनशे आहेत. म्हणून प्लेअरच्या आधी मला त्यांची काळजी वाटते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. काका आणि भाऊ दोघंही तुमच्या भल्याचंच सांगताहेत, पण दोघांनीही निदानाआधी औषध लिहून दिलं आहे. रेकॉर्ड प्लेअरमध्ये काही भाग झिजण्यासाठीच केलेले असतात: सुई, बेल्ट, रबरी पाय, वंगण. ते ठरावीक काळानं बदलायचे हे बनवणाऱ्यानंच गृहीत धरलेलं असतं, आणि अण्णांनाही ते पक्कं ठाऊक होतं, नाहीतर त्यांनी तारखा कशाला लिहून ठेवल्या असत्या? दुसरे भाग म्हणजे यंत्राची हाडं: तबकडी ठेवायची थाळी ज्यावर फिरते ते मुख्य बेअरिंग, आर्मची बेअरिंगं, आणि मोटर. तुम्ही लिहिलेल्या पहिल्या तीन तक्रारी पहिल्या गटातल्या असू शकतात, आणि चौथी, ‘घूं’, नुसत्या तारांच्या जोडणीची. हाडं शाबूत असतील तर हा प्लेअर ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हाडं गेली असतील तर त्यावर एक पैसाही घालू नये. हे तुम्ही घरीच, एका दुपारी, बऱ्याच अंशी तपासू शकता.

तक्रारी एकेक घेऊ. सगळ्यांत महत्त्वाची, शेवटची गाणी.

तबकडी एकाच वेगानं फिरत असली तरी सुईखालून सरकणारी खाच सगळीकडे सारख्या वेगानं सरकत नाही. बाहेरच्या कडेला ती सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर धावते, आणि आत, लेबलाजवळ, जेमतेम २१. म्हणजे तोच ‘स’ आत निम्म्याहून कमी जागेत कोंबून बसवलेला असतो. झिजलेलं टोक त्या बारीक वळणात मावत नाही, म्हणून झीज सगळ्यांत आधी बाजूच्या शेवटी ऐकू येते. कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाच्या धारकात, थोडं तिरकं बसलं असेल तरी तेच होतं. इथवर कुणीही जाणकार सांगेल. पण तुमच्या पत्रात आणखी एक धागा आहे: आर्म आपोआप परत जात नाही. माझ्या मते या दोन तक्रारींचं मूळ अंशतः एकच असू शकतं.

आर्म परत नेणाऱ्या यंत्रणेत थाळीखाली काही पट्ट्या आणि एक दातेरी चाक असतं. बाजूचा शेवट जवळ आला की आर्मच्या बुडाशी असलेला एक हलका खटका या पट्ट्यांना ढकलू लागतो. ढकलणं इतकं हलकं असायला हवं की सुईला ते कळूही नये. पण चाळीस वर्षांत तिथलं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं. मग शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये आर्मला ती अडलेली पट्टी ओढत न्यावी लागते, सुई खाचेच्या एका भिंतीवर रेटली जाते, आणि नेमकी शेवटचीच गाणी फाटतात. अशा प्लेअरवर कितीही भारी कार्ट्रिज लावलं तरी शेवटची गाणी फाटतच राहणार. काकांचा सल्ला मी लगेच मान्य करत नाही तो यासाठी.

याची परीक्षा अशी करा. प्लेअर बंद, सुईवर टोपण. मागचं वजन फिरवून आर्म असा तोला की तो हवेत आडवा तरंगत राहील, आणि अँटीस्केटिंगची (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून त्याला बाहेर हलका ताण देणारी) कळ शून्यावर ठेवा. आता कागदाच्या कपट्यानं आर्मला बाहेरून आत हलकेच ढकला. तो तेल घातल्या दारासारखा सरकत गेला पाहिजे. लेबलाजवळ येताच जड झाला, अडखळला, तर वाळलेलं ग्रीस हेच कारण. त्याला औषध आहे: कुणाकडून तरी खालची यंत्रणा उघडून घ्यायची, जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढायचं आणि नवं अगदी पातळ लावायचं. घरातला फवाऱ्याचा गंजनाशक तिथे मारू नका. तो पसरत जाऊन बेल्टवर पोचतो. आर्म मध्येच, लेबलापासून दूर अडखळला, तर मात्र गोष्ट वेगळी. ते आर्मच्या बेअरिंगचं दुखणं. हेडशेल दोन बोटांत अलगद धरून पुढे-मागे, वर-खाली किंचित हलवून पाहा. आत ‘टक्’ असा सैलपणा जाणवला तर तोही त्याचाच पुरावा. हे हाड आहे.

डुलणारा सूर. इथे आधी एक शक्यता बाजूला काढायची: दोष प्लेअरचा की तबकडीचा? काही तबकड्यांचं भोक नेमकं मध्यावर नसतं. अशी तबकडी फिरताना आर्म प्रत्येक फेरीला, म्हणजे दर १.८ सेकंदाला, डावी-उजवीकडे झुलतो आणि सूरही त्याच लयीत झुलतो. वरून पाहिलंत की दिसतं. बाजूला काढलेल्या तबकडीवर, आर्म स्थिर असतानाही सूर डुलत असेल, तर बेल्ट. ऐकण्यासाठी तंबोऱ्यासारखा अखंड सूर किंवा पियानोचा सावकाश विरणारा स्वर सगळ्यांत प्रामाणिक. जलद गाण्यात हे लपून जातं.

वेग मोजायला उपकरण लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाची छोटी चिठ्ठी लावा, ती बाजूला काढलेली तबकडी वाजत ठेवा आणि तीन मिनिटांत किती फेरे होतात ते मोजा. ३३च्या वेगाला बरोबर १०० व्हायला हवेत. हा वेग खरं तर मिनिटाला सव्वातेहेतीसच्या किंचित वर, तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश असतो, म्हणून तीन मिनिटांचा हिशोब चोख बसतो. शंभर फेऱ्यांना १८१ सेकंद लागले तर वेग अर्ध्या टक्क्यानं कमी आहे. काळजीचं कारण नाही. एका अर्ध्या स्वराचं अंतर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के, त्यावरून अंदाज घ्या. सुरांचा कान असलेल्याला एक टक्काही टोचतो, हे मात्र खरं.

बेल्ट मागवताना जुना ताणलेला बेल्ट मोजून मागवू नका. प्लेअरच्या खाली किंवा मागे मॉडेल क्रमांक असतो, त्यावरून मागवा. नवा बसवण्याआधी थाळीची आतली कडा आणि मोटरची पुली अल्कोहोलनं स्वच्छ पुसा. जुनं रबर तिथे काळा थर सोडतं, कधी कधी तर डांबरासारखं वितळून बसलेलं असतं, आणि त्यावर नवा बेल्टही घसरतो. बेल्टला तेलकट हात नकोत. एवढं करूनही वेग चुकला आणि मोटर डीसी असेल, तर बहुधा तळाशी किंवा मोटरच्याच छिद्रात वेगाचा एक छोटा स्क्रू सापडेल. एसी मोटर असेल तर तिचा वेग विजेच्या वारंवारतेला बांधलेला असतो, तिथे स्क्रूचा प्रश्न नाही. मग घसरणारा बेल्ट, कोरडं बेअरिंग किंवा चुकीची पुली यांतलंच काहीतरी. (६० हर्ट्‌झच्या देशातून आणलेला प्लेअर ५० हर्ट्‌झवर सुमारे १७ टक्के हळू फिरतो. तुमचा सूर नुसता डुलतोय, उतरलेला नाही, म्हणून तो मामला नसावा.)

‘घूं’बद्दल फार लिहीत नाही. प्लेअरमधून निघणारी बारीक सुटी तार ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला घट्ट बसली आहे ना ते पाहा. आर्मच्या धातूला बोट लावल्यावर ‘घूं’ कमी-जास्त झाली तर अर्थ कुठेतरी तुटलाय. एकाच स्पीकरमधून येत असेल तर हेडशेलमधल्या चार रंगीत तारा आणि मागच्या पिना काढून, पुसून परत लावा. तारा कार्ट्रिजला चिमट्यानं बसवायच्या. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डरचा डाग द्यायला कुणालाही देऊ नका, उष्णतेनं आतलं वेटोळं जातं.

राहिलं सगळ्यांत मोठं हाड, थाळीचं बेअरिंग. बेल्ट काढून थाळी हातानं फिरवा. ती निःशब्द, बराच वेळ फिरत राहिली पाहिजे. समोरासमोरच्या दोन कडा धरून झुलवून पाहा, आत खडखड नको. मग ती बाजूला काढलेली तबकडी लावा, बेल्ट परत चढवून. बाजू संपल्यावर सुई शेवटच्या बंद वळणात फिरत राहील, कारण तुमचा आर्म तसाही परत जात नाही. आवाज हळूहळू वाढवा. खोल, लांबून ट्रक जातोय अशी घरघर ऐकू येते का? येत असेल तर प्लेअरचा वीजपुरवठा भिंतीवरच्या बटणानं तोडा, ॲम्प्लिफायर चालू राहू द्या. थाळी अजून आपल्या गतीनं फिरत असते. घरघर त्याच क्षणी थांबली तर ती मोटरची, थाळीबरोबर हळूहळू विरली तर बेअरिंगची. बेअरिंग नुसतं कोरडं असेल तर मधला दांडा पुसून पातळ मशीन तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. तेलानंतरही घरघर राहिली आणि थाळी झुलतेही आहे, तर ते झिजलेलं आहे.

आता निर्णय. आर्म मोकळा, थाळी शांत, मोटर शांत असेल तर प्लेअर ठेवा. ‘चाळीस वर्षं जुना’ हे टाकून देण्याचं कारण नव्हे, आणि भावाला हे पटवून द्यायला पुरेसा इतिहास आहे. एलपी १९४८ साली आली, स्टिरिओ १९५८च्या सुमाराला बाजारात स्थिरावलं, खाच कोरताना मुद्दाम बदललेला आवाज वाजवताना परत सरळ करण्याचं आरआयएए हे प्रमाण १९५४चं. तेव्हापासून तबकडीची खाच बदललेली नाही. फोन जुना होतो कारण त्याच्याभोवतीचं जग बदलतं. प्लेअरच्या बाबतीत तसं काही घडलेलं नाही. १९७९ साली आलेले टेक्निक्सचे एसएल-१२०० एमके२ आजही लोक रोज वापरतात, आणि लिनचा एलपी१२ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा असला तरी त्याचे सुटे भाग बदलून तो नव्यासारखा ठेवणारे जगभर आहेत.

पैसे कोणत्या क्रमानं घालायचे? तुमच्या जवळच्या रकमेचे दहा भाग कल्पा. पहिले तीन भाग सुई, बेल्ट, साफसफाई आणि वंगण यांवर. एवढ्यावर थांबा आणि महिनाभर ऐका. बहुतेक वेळा लोकांना हवा असलेला ‘मोठा फरक’ इथेच मिळतो, कारण प्लेअर पहिल्यांदाच, तो जसा वाजायला हवा तसा वाजू लागतो.

सुई घेताना दोन गोष्टी. सध्याच्या कार्ट्रिजची नवी सुई मिळत असेल तर तीच घ्या. ती हातानं काढून बसवता येते आणि कार्ट्रिजची जुळणी हलत नाही. शुअर कंपनीनं २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केलं, तसं इतरही काहींनी केलंय, पण जपानची जिको ही कंपनी कितीतरी जुन्या कार्ट्रिजांच्या सुया अजून बनवते. दुसरी गोष्ट: ‘पाकीटबंद, कधीच न वापरलेली’ तीस-चाळीस वर्षांपूर्वीची सुई मिळाली तरी मोहात पडू नका. सुईची दांडी रबराच्या एका इवल्या टिकलीत बसवलेली असते. ते रबर पाकिटातही कडक होतं, आणि मग सुई खाचेत लवचीकपणे हलत नाही.

सुई मिळतच नसेल तर मध्यम दर्जाचं नवं कार्ट्रिज. इथे काकांचा सल्ला थोडा कामी येतो, फक्त ‘भारी’ हा शब्द सोडून. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजवर साध्या गोल टोकापासून मायक्रोलाइन आणि शिबाता या अधिक सूक्ष्म टोकांपर्यंतच्या सुया बसतात. ऑर्टोफोनच्या २एम रेडवर २एम ब्लूची सुई चढते. म्हणजे आज साधी सुई, आणि पुढे कधी वाढवावंसं वाटलं तर नुसती सुई बदलायची. कार्ट्रिज स्क्रूनं बसणारं, दोन भोकांमध्ये १२.७ मिलिमीटर अंतर असलेलं आहे याची खात्री करा. आपल्या हेडशेलला तेच लागतं का, हे आधी बघून घ्या. सुईचा तबकडीवरचा भार त्या-त्या कार्ट्रिजच्या कागदावर असेल तेवढाच ठेवा. व्हीएम९५ला २ ग्रॅम, २एम रेडला १.८. सुई हलकी ठेवली तर तबकडी कमी झिजेल हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना जास्त इजा करते. हा भार मोजायचा छोटा काटा आणि कार्ट्रिज सरळ बसवायचा छापील पट्टा, या दोन वस्तूंवर खर्च झालेले पैसे मला कधीच वाया गेल्यासारखे वाटले नाहीत.

उरलेले सात भाग महिनाभर शिल्लकच राहू द्या. त्यानंतरही काहीतरी कमी वाटलं तर पाहायचं ते फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा क्षीण आवाज ॲम्प्लिफायरसाठी वाढवणारा भाग), नाहीतर स्पीकर, नाहीतर अधिक सूक्ष्म टोकाची सुई. तेव्हाच्या ऐकण्यावरून ते तुम्हालाच कळेल.

आणि हाडं गेली असतील तर? मग भावाचं बरोबर, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका. झिजलेलं मुख्य बेअरिंग किंवा सैल आर्म दुरुस्त करून देणारा हात आणि जुना सुटा भाग दोन्ही मिळणं कठीण, आणि त्या दुरुस्तीचा खर्च चांगल्या नव्या प्लेअरच्या निम्म्याच्या पुढे गेला तर मी नवाच घेईन. अण्णांनी जमवलं ते संगीत. ते नव्या प्लेअरवर नीट वाजलं तर त्यांच्या तबकड्या अधिक वर्षं टिकतील. जुना प्लेअर न वाजवताही घरात राहू शकतो.

नवा घेताना ब्लूटूथ आहे की नाही यावर काहीच ठरवू नका. असलं तर असू दे. पाहायचं हे: मागचं वजन फिरवून सुईचा भार ठरवता येतो का, अँटीस्केटिंग आहे का, कार्ट्रिज काढून दुसरं बसवता येतं का, आणि बेल्ट व सुई वेगळी विकत मिळते का. यातलं पहिलं नसेल तर घेऊ नका. पेटीसारखे, स्पीकरसकट येणारे स्वस्त प्लेअर अण्णांच्या तबकड्यांसाठी मुळीच नकोत. त्यातल्या सिरॅमिक कार्ट्रिजचा भार बहुधा पाच-सहा ग्रॅम असतो, म्हणजे चांगल्या कार्ट्रिजच्या अडीच-तीन पट. नव्या प्लेअरमध्ये प्रीॲम्प आतच असेल, तर ॲम्प्लिफायरच्या फोनो जागेत जोडताना तो बंद करा. दोन प्रीॲम्प एकापुढे एक लागले की आवाज चिरडल्यासारखा येतो, आणि माणूस उगाच प्लेअरला दोष देत बसतो.

७८च्या तबकड्यांचा विचार या सगळ्यात विसरू नका. हल्लीच्या बहुतेक नव्या प्लेअरमध्ये फक्त ३३ आणि ४५ असतात. तुमच्या जुन्याची हाडं काठावर पास होत असतील, तर तो तिसरा वेग हे त्याला ठेवण्याचं एक वजनदार कारण आहे. पण त्या तबकड्यांना सुई वेगळी लागते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन, ७८ला ६५ ते ७५ लागते. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला लोळते, आणि त्याउलट ७८ची सुई एलपीवर ठेवली तर एलपी संपलीच. दुसऱ्या हेडशेलमध्ये ७८ची सुई कायमची बसवून ठेवणं सगळ्यांत सुरक्षित, आणि त्यावर ठळक अक्षरात ‘७८’ लिहून ठेवा. घरात आणखी कुणी प्लेअर लावत असेल तर हे फार गरजेचं आहे.

तीन गोष्टी मला कळवा: तीन मिनिटांत किती फेरे झाले, आर्म कुठे अडखळला, आणि वीज तोडल्यावर घरघरीचं काय झालं. कार्ट्रिजचं नाव आणि त्याच्या कडेला छापलेला क्रमांकही लिहा, म्हणजे सुई कोणती ते नेमकं सांगता येईल. नवी सुई बसली की अण्णांच्या चिठ्ठीत त्यांच्या शेवटच्या तारखेखाली ती तारीख घाला, आणि शेजारी तबकड्यांचा साधा हिशोब ठेवायला सुरुवात करा. एक एलपी म्हणजे पाऊण तास धरला तरी चालेल. तोवर आर्म त्याच्या आधारावर अडकवून ठेवा, सुईवरचं टोपण काढू नका, आणि बेल्ट उतरवून ठेवलात तर उत्तम.